त्याच्या नावाची डबी

शर्टांची काजं करणाऱ्या बाईच्या हातून टाका कधी चुकला नाही. डोक्यात मात्र भलते उद्योग यायचे. नवरा बेकरीत भट्टीवर होता. चहा असो की पांघरूण, “तुला सगळ्यात अर्धा वाटा हवाच,” असं चिडवल्याशिवाय त्याचा दिवस जात नसे. त्याला क्षय झाला तेव्हा सहा महिने तिने त्याला गोळ्या समोर बसवून गिळायला लावल्या. एक चुकू दिली नाही. पोरींना बापापासून लांब ठेवायचं म्हणून दोघींना ती स्वतःच्या कुशीत घेऊन निजू लागली.

तरी खोकला हटेना. अंगावर सदरा लोंबायला लागला.

“ही औषधं लागू पडली नाहीत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “जंतू कशाला दाद देतो ते आधी तपासू, मग औषधं बदलू. सकाळचा बेडका या डबीत आणून द्या.”

डबीवर त्याचं नाव होतं. बेकरीच्या मालकाने बजावलं होतं, रिपोर्ट चांगला आला तरच कामावर ये. “पुन्हा वाईट आला तर संपलो गं मी,” एवढंच बोलून नवरा भिंतीकडे तोंड करून पडला. त्या दिवशी त्याने तिला चिडवलं नाही, आणि तिचा धीरच सुटला.

सकाळी त्याने भरून दिलेली डबी तिने दवाखान्याच्या कचऱ्यात टाकली. “सांडली हो,” म्हणत खिडकीवर त्याच्याच नावाची दुसरी मागितली आणि आडोशाला जाऊन त्यात स्वतःचा बेडका भरला. कापडाच्या कसपटाने तिला मधूनमधून खोकला यायचाच. बेडका लगेच निघाला, तेव्हा स्वतःच्या हुशारीवर खूशसुद्धा झाली वेडी!

दोन दिवसांनी दोघांना बोलावणं आलं.

“जंतू आहेत,” डॉक्टरीणबाई नवऱ्याला म्हणाल्या, “आणि मुख्य औषधाला जुमानत नाहीत. आता वेगळ्या गोळ्या, बरेच महिने. त्याआधी रक्त आणि हृदय तपासू. बरे व्हाल, पण मध्येच सोडायचं नाही.”

नवऱ्याने मान खाली घातली. त्याच्या छातीत काय आहे ते अजून कोणालाच ठाऊक नव्हतं. आपल्या छातीत काय आहे ते तिला आत्ता कळलं होतं. आणि रात्री आपल्या तोंडाशी तोंड लावून निजणाऱ्या पोरी तिला आठवल्या.

“बाई, तो बेडका माझा होता,” ती कशीबशी म्हणाली आणि सगळं सांगून टाकलं.

नवरा तिच्याकडे वळला. मग म्हणाला, “अगं, निदान हे तरी माझ्या एकट्याचं राहू द्यायचंस.”

कोणी हसलं नाही. डॉक्टरीणबाई रागावल्याही नाहीत. त्यांनी कपाटातून चार डब्या काढल्या. पहिलीवर त्याचं नाव लिहिलं, दुसरीवर तिचं.

“मुलींची नावं सांगा,” त्या म्हणाल्या.