कोड सांगणार नाई!

नाटक कंपनीत किस्से जमवा लागत नाई. खिशातल्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पन्न्यांसारखे ते आपोआपच जमतात! दिवाळीपासून होळीपर्यंत आमची वडशाची मंडळी एकाच गाडीत. आज मूल, उद्या सिंदेवाही, परवा चामोर्शी. झाडीपट्टीतल्या गावाले नाटक पाहिजे म्हणजे पाहिजेच. मी कुसुम. स्टेजवर दर वेळी कोणाची ना कोणाची आई, अन् दर अंकात रडणं. स्टेजच्या खाली मात्र माझ्या तोंडाले लागू नका! या सीझनले सगळे किस्से एकाच गोठीचे निघाले. चोरीले गेलेले फोन.

* * *

सुरुवात शंकरपटाच्या गावी झाली. बैलांच्या शर्यती पाहाले आलेलं सगळं पब्लिक रात्री नाटकाले बसलं होतं, पाय ठेवाले जागा नाई. आमचा व्हिलन देविदास स्टेजवर ठेकेदार झाला होता. मिशीवर ताव देऊन गरजला, "माझ्या हुकमाशिवाय या गावातलं पानही हलत नाही!"

तेवढ्या वेळात मेकअपच्या तंबूतून दोन फोन हलले. एक आमच्या हिरोईनचा, म्हणजे रंजूचा. अन् दुसरा खुद्द ठेकेदाराचा!

"पब्लिकले सांगू नका," देविदास म्हणे. "पुढच्या अंकात मले कोणी भिणार नाई."

* * *

वडशाच्या मोबाईलवाल्यानं दोन्ही फोन दुरूनच लॉक करून देले. स्क्रीनवर माझा नंबर टाकला, सापडल्यास इथी कळवा म्हणून. अन् बजावलं, "लॉक फोन चोराले सुट्या पार्टाच्या भावात विका लागते. कोड भेटला तं पूर्ण फोन विकता येते. म्हणून आता तो गोड बोलून कोड मागन. देऊ नका."

दोनच दिवसांत माझ्या मोबाईलवर मेसेज आला. 'अभिनंदन! आपला फोन सापडला आहे. लोकेशन पाहण्यासाठी खालील लिंक दाबा.'

देविदासनं माझ्या हातातून मोबाईल ओढलाच. लिंक दाबली. पान असं उघडलं का कंपनीचंच वाटावं. त्यानं आयडी टाकला, पासवर्ड टाकला, कोडही टाकला. मी ओरडेपर्यंत खेळ खलास! फोन चोराच्या नावानं झाला.

त्या दिवशी देविदास धड जेवला नाई. ताटावर बसून म्हणे, "कुसुमबाई, दर नाटकात विधवा बाईचा कोऱ्या कागदावर अंगठा घेतो मी. अन् मलेच कोणीतरी अंगठा लावाले लावला ना!"

* * *

मंग रंजूचा नंबर लागला. मेसेज म्हणे, 'आपला फोन आमच्या भामरागड सर्व्हिस सेंटरमध्ये जमा आहे. पडताळणीसाठी कोड टाका.'

गाडीत हसून हसून पोट दुखलं सगळ्यायचं. ड्रायव्हर म्हणे, "भामरागडले रेंज पकडासाठी आपण गावभर फिरतो, अन् याचं तिथी सेंटर!"

रंजूनं माझ्याच मोबाईलवरून उत्तर ठोकलं. 'तिथीच ठेवा. पूर ओसरला का येते.'

तेव्हा संक्रांत चालू होती; भामरागडचा पूर पावसाळ्यातला!

* * *

आता भीमरावभाऊची गोठ सांगा लागते, नाई तं पुढचं समजणार नाई.

भाऊ आमचे गाणारे. त्यायनं तान घेतली का मागं ताडपत्रीवर झोपलेलं पब्लिक उठून बसे. खर्ऱ्यानं गळा खाल्ला. घशाच्या ऑपरेशनात जीव वाचला, आवाज गेला. मालक म्हणे, "आता भाऊनं घरी आराम करावा."

रंजू उभी राह्यली. "मंग मीबी घरी आराम करते." बिनमायबापाच्या या पोट्टीले भाऊनंच तालमीत उभं केलं होतं, पोटच्या लेकीसारखं. म्हणे, "भाऊले प्रॉम्प्टर करा."

"बिनाआवाजाचा प्रॉम्प्टर?"

"आमी ओठ वाचू!"

तेव्हापासून भाऊ विंगेत बसतात, बॅटरीचा उजेड आपल्याच तोंडावर मारतात अन् संवादाचे ओठ हलवतात. आमी वाचतो अन् बोलतो. सवय अशी लागली का मधात डोकं येतच नाई. एकदा भाऊले शिंक आली. ठेकेदारानं भर कोर्टाच्या सीनमध्ये शिंकून दाखवलं! अशा टाळ्या पडल्या, का आता देविदास दर प्रयोगात शिंकते.

* * *

रंजूच्या फोनात भाऊचं गाणं होतं. ऑपरेशनच्या आधी तालमीच्या खोलीत भाऊनं मन भरून गाऊन घेतलं, अन् तिनं ते रेकॉर्ड केलं. दुसरीकडं कुठीच नाई. टाकून ठेवू म्हणता म्हणता राहून गेलं.

"फोन नवा घेता येते बाई," ती म्हणे, "तो गळा कुठून आणू?"

चोराचे गोड मेसेज संपले अन् धमकीचे सुरू झाले. 'कोड न दिल्यास सर्व डेटा नष्ट करण्यात येईल.' मी हबकलीच. म्हटलं, "रंजू, देऊन टाक माय. गाणं तरी राहीन."

"काऊन राहीन? कोड भेटला का तो पहिले सगळं पुसन अन् मंग विकन. भाऊचा गळा मी माझ्या हातानं पुसू देऊ? गाणं नाई भेटलं तं नाई भेटलं. कोड सांगणार नाई!"

अन् एकटी पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार देऊन आली. सोबत कोणाले बोलावलंही नाई.

* * *

एका दुपारी चामोर्शीच्या रस्त्यावर माझा मोबाईल वाजला. मी स्पीकरवर टाकून रंजूच्या हातात देला.

"मॅडम, कस्टमर केअर से बोल रहा हूँ. आपका फोन मिल गया. बस, कोड बोलिए."

"नाई," रंजू म्हणे.

त्यानं समजावलं, भेव दाखवलं. हिचं आपलं एकच, "नाई!"

मागच्या सीटवरून देविदासले राहवलं नाई. "अबे, त्याच्यात आमच्या भाऊचं गाणं आहे! तेवढं तं पाठव!"

पलीकडच्यानं हिंदी सोडली. मंग एकदम मऊ मराठी. "गाणं ना, ताई? हे काय, माझ्यासमोरच आहे. कोड सांगा, आत्ता वाजवतो. भाऊंनाही ऐकवा ना."

रंजूचे डोळे भरून आले. एवढी खंबीर पोट्टी, पण तोंडून निघूनच गेलं, "चार..."

कोडचा पहिला आकडा! मी तिचा हात गच्च धरला.

सवयीनं तिनं समोरच्या सीटवर पाह्यलं, भाऊकडं. भाऊनं मागं वळून पिशवीतून बॅटरी काढली अन् भर दुपारी आपल्याच तोंडावर मारली. ओठ हलले.

अन् रंजू बोलली, शेवटच्या रांगेपर्यंत जाते त्या आवाजात!

"ठेकेदार! माझ्या बापाचा आवाज बंद केलास, पण माझी जीभ अजून शाबूत आहे! हो चालता माझ्या दारातून!"

मागच्या सीटवर देविदासनं, स्टेजवर या संवादाले रोज घालते तशी, सवयीनं मान खाली घातली. ड्रायव्हरनं गाडी बाजूले घेतली. तिकून फोन कट झाला.

भाऊनं खिशातून दहाची नोट काढली अन् टाचणीनं रंजूच्या ओढणीले लावली, गाण्यावर खूश झालेलं पब्लिक लावते तशी. रंजू रडून राह्यली होती. मीही रडली, अन् मले त्याचे पैसे नव्हते.

तेवढ्यात मोबाईल पुन्हा वाजला. तोच नंबर.

भाऊनं एक बोट वर केलं. वन्स मोअर!