आठ ते साडेआठ

"डोंगरातल्यांना घड्याळ कशाला लागतंय? कोंबडं आरवलं की उठायचं, उन्हं आली की परत पडायचं."

अण्णा हे मीटिंगमध्ये बोलले. पेठेतल्या ऑफिसात, पंधरा माणसांपुढं. सगळे हसले. मग अण्णांनी माझ्याकडे बोट केलं. "हिला इचारा. हिचीच माणसं." पुन्हा हसू. मीही हसले. दात दिसतील इतकी हसले.

लोडशेडिंगची वर्षं होती ती. अण्णांची संस्था मोठी. गावोगावच्या शाळांत संस्थेची संगणक केंद्रं. एक खोली, एक कॉम्प्युटर, एक शिकवणारा. रोज सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान प्रत्येक केंद्रानं संस्थेच्या वेबसाइटवर पोरांची हजेरी भरायची. ती वेबसाइट ऑफिसातल्याच एका मशीनवर चालायची. तिला आम्ही सांभाळायचो, म्हणजे मी एकटीच. मी डोंगरातलीच, आहुप्याच्या अलीकडच्या एका गावची. आदिवासी वसतिगृहात राहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला. माझ्या घरात या नोकरीचं लई कौतुक.

डोंगरातल्या पाच केंद्रांची हजेरी येत नव्हती. खालच्या गावांची यायची. अजून महिनाभर असंच चाललं तर पाचही केंद्रं बंद करून कॉम्प्युटर खाली आणायचे, असं त्या मीटिंगमध्ये ठरलं. त्यातलं एक माझ्या गावचं. तिथं माझा चुलतभाऊ कोंडीभाऊ शिकवायचा. अठरा पोरं होती. त्याआधी त्यांनी कॉम्प्युटर पुस्तकातल्या चित्रात पाहिलेला.

कोंडीभाऊचा फोन यायचा. "बाय, पान उघडतच न्हाई गं. मी आठच्या ठोक्याला बसतो. साडेआठला सगळ्या डोंगराची लाईट जाती, ती थेट दुपारी येती. मी तरी काय करू?"

मी म्हणायचे, "खाली सगळ्यांचं उघडतं. तुमचंच कसं उघडत नाही?" अगदी शुद्ध बोलायचे. ऑफिसात ऐकणारे असायचे ना. एकदा तर त्याला म्हणाले, "लवकर उठत जा." सख्ख्या चुलत्याच्या पोराला. त्यानं फोन ठेवला. मला काही वाटलं नाही. त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटायचं नाही.

मीटिंग संपल्यावर अण्णांच्या मुलानं मला थांबवलं. त्याला सगळे धाकटे साहेब म्हणत. तो म्हणाला, "कोण किती वाजता साइटवर येतं, सगळं टिपून ठेवणारं काहीतरी बसव. पुरावा हातात पाहिजे. मग कुणी बोंब मारणार नाही."

म्हणजे माझ्याच माणसांवर पाळत. मी "हो सर" म्हणाले.

आठवड्यात बसवलं. साइटवर कुणी काही मागितलं की मशीनवरच्या फायलीत एक ओळ पडायची. कोणतं केंद्र, किती वाजता, पान द्यायला किती वेळ लागला. पहिल्या दिवशी फाइल उघडली. डोंगरातल्यांची एकही ओळ नाही. म्हणजे अण्णा खरं बोलत होते. मी तेही गिळलं.

चौथ्या दिवशी सगळी फाइल वरपासून खालपर्यंत वाचली. आठ ते साडेआठ कुणाचीच ओळ नव्हती. खालच्यांचीही नव्हती. चारही दिवस. खालच्या गावांत लाईट दुपारी जायची, त्यामुळे ते साडेआठनंतर निवांत भरायचे.

बंद पडलेलं मशीन आपण बंद होतो हे लिहून ठेवत नाही. म्हणून मी त्यावर आणखी एक छोटा प्रोग्राम टाकला. दर मिनिटाला एक ओळ लिहायची, चालू आहे. नाडी बघावी तसं. तसाच एक पेनड्राइव्हवर घालून एसटीच्या कंडक्टरकडे कोंडीभाऊसाठी दिला. त्यानं साइट उघडायला घेतली की वेळ त्याच्याच कॉम्प्युटरवर टिपली जाईल. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पाच दिवसांनी पेनड्राइव्ह परत आला. दोन्हीकडचे कागद छापले, शेजारीशेजारी ठेवले. ऑफिसातल्या मशीनची शेवटची ओळ आठ वाजून एक मिनिट. पुढची आठ बत्तीस. कोंडीभाऊच्या कागदावर आठ दोन. आठ तीन. आठ पाच. लाईट जाईपर्यंत चौदा वेळा. रोज. तो चौदा वेळा दार वाजवत होता आणि मी त्याला लवकर उठ म्हणत होते. रडू यायला पाहिजे होतं. आलं नाही.

शिपायाला विचारलं, सकाळी मशीन कोण बंद करतं.

"आवो ताई, रोज आठला अण्णांची पूजा आसती ना. चालू मशीनला हळदकुंकू लावत न्हाईत. बंद करायचं, पुसायचं, उदबत्ती फिरवायची. आरती झाली की चालू."

ऑफिसातल्या सगळ्यांना माहीत होतं. मला नव्हतं. कारण नोकरीच्या दुसऱ्या दिवशी मी आठला आले होते, तेव्हा अण्णांनी मला दारातच अडवलं होतं. "तू नऊला येत जा. पूजेच्या टायमाला तुमच्यातलं कुणी आत नको." मी का म्हणून विचारलं नाही. उलट मैत्रिणींना सांगितलं, मला तासभर जास्त झोपायला मिळतं.

मी दोन्ही कागद अण्णांपुढं ठेवले. धाकट्या साहेबांनी ते वाचले. त्यांना लगेच समजलं, ते मी त्यांच्या तोंडावरून ओळखलं.

"हे आपल्या मशीनचं कशाला टिपलंस? तुला डोंगरातल्यांचं बघायला सांगितलं होतं. आजच्या आज काढून टाक."

"काढणार नाही," मी म्हणाले. "अण्णा, पूजा नऊनंतर करा. पाच केंद्रं वाचतील."

अण्णा कागदाकडे बघतच नव्हते. "आता देवाची येळ ही ठरवनार?"

दुसऱ्या दिवशी शिपायानं कुलूप काढलं तेव्हा मी दारात होते. आत गेले. मशीनला पाठ लावून फरशीवर बसले. बटण माझ्या खांद्यामागं. आठला अण्णा तबक घेऊन आले. मागं सगळा स्टाफ.

"ऊठ."

"न्हाई उठनार."

त्या ऑफिसात मी घरच्या बोलीत पहिल्यांदा बोलले.

"बाटवलंस सगळं," अण्णा म्हणाले. कुणी पुढं आलं नाही. मला हात लावायचा कोणी, हा त्यांच्यापुढं प्रश्न होता. समोर मी आधीच चालू करून ठेवलेल्या स्क्रीनवर हजेरीच्या ओळी पडायला लागल्या. आठ तीनला आमचं गाव. अठरापैकी सतरा हजर. आठ वाजून नऊला दुसरं. साडेआठच्या आत पाचही.

मग मी उठले. धाकटे साहेब म्हणाले, "तुझं काम संपलं. उद्यापासून येऊ नको."

मी दोन्ही कागद घडी करून पिशवीत टाकले आणि त्यांना सांगितलं. कामावरून काढा. पण इथून पुढं एक दिवस जरी हे मशीन आठला बंद दिसलं, तर हे कागद मी पाचही गावांत मोठ्यानं वाचनार. आणि पाचही गावं घेऊन ह्या दारात येनार. पूजेच्या टायमालाच येनार.