मूळव्याधीचा डॉक्टर

माझ्या फजितीचे किस्से आमच्या वडनेर भोलजीत पोरासोरांनाही पाठ आहेत. सासुरवाडीला जाताना धोतर बाभळीला अडकलं आणि मी तसाच वेशीपर्यंत कसा गेलो, नांदुऱ्याच्या बाजारात घासाघीस करून स्वतःच्याच मळ्यातली वांगी विकत कशी घेतली — सगळे मीच सांगितलेले, वरून तिखटमीठ लावून. एक तेवढा सांगितला नाही. बायको गेली, तिलाही कळला नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुमच्यापाशी जमेल. मध्येच मी गमतीकडे वळलो तर समजून घ्या — नको, समजून घेऊ नका. गमतीकडे वळणं हाच तर माझा गुन्हा.

कुठून सुरू करू? दाढीपासून करतो.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. आमची म्हातारी माणसं सरकारचं नाव काढलं की अजून नागपूरकडेच बघायची. मी तरणाबांड, दोन बैल, विहीर, भाजीपाल्याचा मळा. लिंबाखाली दाढीला बसलो होतो. न्हाव्यानं एक गाल उतरवला, वस्तरा गळ्यापाशी आणला, आणि एकदम — काय झालं ते आजही नीट सांगता येत नाही. छातीत कुणीतरी घण घालू लागलं. बोटांना मुंग्या, जीभ कोरडी, श्वास आत जाईना. आपण आत्ता, इथंच, अर्ध्या दाढीनिशी मरणार, याबद्दल तिळमात्र शंका नव्हती. मी उठलो आणि पळालो. साबणाचा फेस वाऱ्यावर.

लोक हसले. मी काय सांगितलं? पोट बिघडलं, नाल्यापर्यंतही पोचलो नाही. आणखी हसले. बरं वाटलं. माणूस पोटासाठी पळाला तर हसण्यावारी जातं हो. भीतीनं पळाला तर?

मग ते मला कुठंही गाठू लागलं. कीर्तनात, मोटारीत, विहिरीच्या काठावर. मी गर्दीत बसलो की आधी बाहेरची वाट बघून ठेवायचो. दाढी वाढवली आणि म्हणालो, नवस आहे. शेवटी, छातीचा रोग आहे, आता संपलं, असं धरून एक दिवस गुपचूप खामगावला डॉक्टरकडे गेलो.

त्यानं खूप वेळ तपासलं. म्हणाला, हृदय तुमच्या बैलासारखं ठणठणीत आहे. मग त्यानं जे समजावलं ते मला अजून शब्दन् शब्द येतं. ज्वारीच्या शेतात माळ्यावर राखणदार असतो ना, रानडुक्कर आलं की हाकारे घालणारा? तुमचा राखणदार डुक्कर नसतानाच हाकारे घालतो, एवढंच. हा आजार आहे, नाटक नाही, बाहेरची बाधा तर मुळीच नाही. लाट येते, चढते आणि थोड्या वेळात उतरते. तिनं कुणी मरत नाही. आली की पळू नका. पाय जमिनीवर घट्ट रोवा, श्वास हळूहळू बाहेर सोडा, तिला उतरू द्या. आणि जिथून पळालात तिथं परत जा — आज थोडं, उद्या थोडं जास्त. जितकं टाळाल तितकं ते मोठं होईल. काही दिवसांपुरत्या गोळ्याही दिल्या. निघताना म्हणाला, तुमच्या गावातही असे असतील. लपून असतात. कुणी दिसला तर माझ्याकडे पाठवा.

मी मान डोलावली. गावात उतरलो तर पारावर सगळे. काय बे वासुदेवा, खामगावले काऊन गेलता?

आणि माझ्या तोंडून निघालं — मूळव्याध.

काय रंगवला तो किस्सा! डॉक्टरनं मला घोड्यासारखं कसं उभं केलं, कंपाउंडरनं कंदील कसा धरला, मी भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीची माफी कशी मागितली. माणसं लोळली. गावजेवण असो, बारसं असो, फर्माईश यायची. माझा सर्वांत गाजलेला किस्सा तो. त्यातला एक शब्द खरा नाही.

तुम्ही म्हणाल, यात कुणाचं काय बिघडलं? तेच सांगायला बसलोय. म्हणूनच तर इतका वेळ दाढीत घालवला.

सीताराम माझा शेजारी आणि लहानपणापासूनचा सोबती. अंगानं पहाड. बैलांची त्याला अशी पारख की लोक खरेदीला त्याला सोबत नेत. त्या वर्षी पोळ्याला आमच्या जोड्या तोरणाखाली शेजारी शेजारी उभ्या होत्या. आमच्याकडे तोरण तुटेपर्यंत जोडी हलवायची नाही. कुणी हलवली तर अपशकुन, आणि वर्षभर नाचक्की. तोवर झडत्या चालतात — एकेकानं चार ओळी जुळवून कुणाची तरी खिल्ली उडवायची आणि सगळ्यांनी महादेवाचा गजर करायचा. झडत्यांत माझा हात धरणारा कुणी नव्हता.

मी सीतारामकडे बघितलं. कपाळावर घाम, ओठ पांढरे, एक हात छातीवर. डोळे बाहेरची वाट शोधत होते. दुसऱ्याच्या गोठ्यात आपली गाय ओळखू यावी तसं मी ते ओळखलं. तो माझ्याकडे झुकला.

"वासुदेवा, मले धर बे. मी मरून राह्यलो."

एवढंच. मला काय करायचं होतं? त्याचा हात धरायचा आणि कानात म्हणायचं: यानं मरत नाही, गड्या, पाय रोव, आत्ता उतरते. जगात त्या घडीला हे माहीत असलेला माणूस त्याच्या शेजारीच उभा होता. पण लोक बघू लागले होते. आणि मला वाटलं — त्याला बघता बघता ते माझ्याकडे बघतील. त्यांना कळेल, हा पण तसलाच.

मी ओरडलो:

"बैल उभे ठाम, धन्याले सुटला घाम,
पोया सोडून घरी चालला आमचा सीताराम —
हर बोला हर हर महादेव!"

सगळा पोळा गरजला. सीतारामनं कासरा टाकला आणि पळाला. त्याचे बैल बिथरले, तोरणाखालून उधळले. ती झडती पुढं कित्येक पोळे पोरं म्हणत होती.

पण हाही तो किस्सा नव्हे. अजून आहे.

सीतारामला बाहेरचं लागलं असं ठरलं. लिंबू, अंगारे, मिरच्यांचा धूर. त्या धुरात त्याचा जीव घुसमटायचा, आणि लोक म्हणायचे, बघा, निघून राह्यलं. आधी त्यानं बाजार सोडला, मग शेत. एके दुपारी त्याची बायको, कमलावहिनी, माझ्या मळ्यात आली. धुऱ्यावर, बांधावरच उभी राहिली. म्हणाली, "भाऊजी, तुम्ही खामगावले गेलते ना? तुम्हाले गुन आला. त्या डाक्तरले आमच्या यायले दाखवू का? आनखी कशाचा हाय तो?"

आणखी कशाचा आहे तो. बाई सरळ विचारत होती. फक्त हो म्हणायचं होतं. हो म्हटलं असतं तर तिनं विचारलं असतं, मग तुम्हाले काय झालतं? आणि मग ती दाढी, तो नवस, ती झडती — सगळं उघडं पडलं असतं.

मी म्हणालो, "वहिनी, तो मूळव्याधीचा डाक्तर हाय. सीतारामची तपासनी तो भलत्याच बाजूनं करन."

ती हसली. तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी असताना, मनापासून हसली. आणि घरी गेली.

ते वाक्य मी काढलं. दारू प्यायलो नव्हतो, रागात नव्हतो, कुणी गळ्याला वस्तरा लावला नव्हता. विनोद चांगला झाला याचं मला त्या क्षणी समाधानही वाटलं होतं. हे लिहिताना हात थांबतो. पण वाटलं होतं.

मी बरा झालो. डॉक्टरनं सांगितलं तसंच, थोडं थोडं. लिंबाखाली परत बसलो, वस्तरा गळ्यावर घेतला, लाट आली, चढली, उतरली. गर्दीत गेलो, मोटारीत बसलो. मी एक पाऊल पुढं टाकलं की सीताराम एक मागं जायचा. मी नांदुऱ्याला पोचलो तेव्हा तो गल्ली सोडून बसला होता. मी शेगावला जाऊन आलो तेव्हा त्याचा उंबरठा सुटत नव्हता. बैल विकले. शेत वहिनींनी ओढलं. पोरीचं लग्न दारातल्या मांडवात लागलं, आणि बाप आत, चौकट धरून, अक्षता मुठीत तशाच. गाव म्हणायचं, भित्रा. मीही तिथं होतो. पंगतीत वाढत होतो.

सांगायला उशीर झाला होता का? छे. कुठल्याही दिवशी सांगता आलं असतं. रोज भेटायचो की मी त्याला! मैत्री असावी तर वासुदेवसारखी, लोक म्हणायचे.

त्याच्या शेवटच्या दुखण्यात तो ओसरीवर पडून होता. छातीचा भाता झालेला. मी जाऊन बसलो तर डोळे उघडून म्हणाला, "तो तुह्या मूळव्याधीचा किस्सा सांग ना बे. लय दिवस झाले."

वहिनी भाकरी थापत होत्या. त्यांचाही हात थांबला, ऐकायला.

मी सांगितला. घोड्यासारखं उभं करणं, कंदील, तसबिरीची माफी — सगळा सांगितला, काही गाळलं नाही. सीताराम हसला. हसता हसता ठसका लागला, वहिनींनी उठून पाणी पाजलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही आले की तेवढे हासतेत हो भाऊजी."

मग मी वांग्यांचा सांगितला.