दोन नंबरच्या टर्नटेबलवरचे गायब गायक

भेंडी निवडत होते, तेवढ्यात पर्समधला फोन किंचाळला. शनिवारची सकाळ, कॅरीतलं आमचं नेहमीचं इंडियन ग्रोसरीचं दुकान, आणि स्क्रीनवर लाल पट्टी: सायलेन्स अलार्म. शेजारच्या बाई दचकून मागे सरल्या. मी भेंडी तशीच सोडली, पार्किंगमध्ये गाडीत येऊन बसले आणि रेडिओ लावला. आमच्या स्टेशनवर सॅक्सोफोन वाजत होता. शनिवारी सकाळी तिथे सॅक्सोफोन वाजायचं काही कारण नव्हतं. ती वेळ डेलची.

मी रेडिओ इंजिनियर आहे. नागपूरला इलेक्ट्रॉनिक्स शिकले, इथे अमेरिकेत बरीच वर्षं टेलिकॉमच्या नोकरीत काढली आणि ती सुटल्यावर जवळच्या गावातल्या एका कम्युनिटी रेडिओचं पार्ट टाइम काम धरलं. कम्युनिटी रेडिओ म्हणजे ऐकणाऱ्यांच्या देणग्यांवर चालणारं छोटं स्टेशन. निवेदक सगळे व्हॉलंटियर. स्टेशन एका टायरच्या दुकानाच्या वर आहे. खाली चाकाचे नट सोडवायची गन सुरू झाली की वर बातम्या वाचणारा क्षणभर थांबतो. ऐकणाऱ्यांनाही त्याची सवय झाली आहे.

आता सायलेन्स अलार्म म्हणजे काय ते सांगते. रेडिओवर शांतता पसरणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा गुन्हा. त्याला डेड एअर म्हणतात. म्हणून ट्रान्समीटरच्या आधी एक पेटी बसवलेली असते. ती सतत कान लावून बसते. थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही तर निवेदक झोपला किंवा मेला असं समजून ती राखीव गाणी सुरू करते आणि मला फोन करते. आमची राखीव गाणी म्हणजे कुणीतरी कधीकाळी भरून ठेवलेला सॅक्सोफोन.

मी डेलला फोन लावला.

"डेल, स्टुडिओत काय चाललंय?"

"रेकॉर्ड लावलीय, उजी. व्यवस्थित वाजतेय. मीटरच्या सुया नाचतायत. पण तो लाल दिवा पुन्हा लागला." माझं नाव उज्ज्वला. ते त्याला झेपत नाही.

"पुन्हा" हा शब्द मला आवडला नाही. मी फोनवरूनच अलार्म बंद केला, सॅक्सोफोन थांबवला आणि भेंडी आणायला परत आत गेले.

डेल निवृत्त पोस्टमन. इकडे सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात म्हणून मीही करते. माझ्या सासूबाई मात्र त्याला डेलभाऊ म्हणतात. शनिवारी सकाळी तो नवीन अमेरिकाना आणि ऑल्ट-कंट्री वाजवतो. अमेरिकाना म्हणजे कंट्री, ब्लूज, चर्चमधली गाणी, डोंगरातलं बँजो आणि फिडल म्हणजे गावठी व्हायोलिन, हे सगळं एका चुलीवर शिजलेलं संगीत. ऑल्ट-कंट्री हे त्यातलं हट्टी भावंड. चकचकीत हॅट आणि नवाकोरा ट्रक याबद्दलची गाणी त्याला चालत नाहीत. बंद पडलेली गिरणी आणि भाड्याचं ट्रेलरचं घर चालतं. गाणारी पोरं विशी-तिशीतली. स्वयंपाकघरात एक माइक उभा करून गातात, थोड्याशा रेकॉर्ड छापून घेतात आणि डेलला पोस्टाने पाठवतात. आयुष्यभर लोकांची पाकिटं वाटली, आता माझ्या नावाने येतात, असं तो मोठ्या ऐटीत सांगतो. आमच्या भागात या पोरांना रेडिओवर जागा देणारा तो एकटाच.

सोमवारी लिंडाने बोलावलं. लिंडा आमची स्टेशन मॅनेजर. पगार मिळवते एका कामाचा आणि करते पाच कामं. बाथरूमची तोटी गळाली तरी पाना घेऊन तीच जाते. माणूस चांगली, पण फार घाईत.

"वसंतापासून आलेले सगळे अलार्म बघितलेस? प्रत्येक वेळी डेलच आहे."

"बघितले."

"शिवाय तक्रारी. गायकाचा आवाज येत नाही, शब्द कळत नाहीत, सारखं तेच. कमिटीचं म्हणणं आहे की शनिवारी सॅटेलाइटवरून येणारा तयार शो घ्यावा. मला तुझा टेक्निकल रिपोर्ट हवा. मशीन ठीक आहे की नाही, एवढंच लिही."

"आणि मशीन ठीक असेल तर?"

"तर मग डेल ठीक नाही. मलाही आवडत नाहीये हे, उजी. पण त्याचं वय बघ."

तक्रारींबद्दल मला आधीच ठाऊक होतं, कारण त्या सगळ्यांना डेलने स्वतः फोन करून उत्तरं दिली होती. शांतपणे, प्रेमाने, पाल्हाळ लावून. या नव्या मंडळींची ती शैलीच आहे. आवाज मुद्दाम मागे ठेवतात. ओठांतल्या ओठांत गातात. गायक तुमच्यासमोर येऊन उभा राहत नाही, तुम्हाला त्याच्याकडे जावं लागतं. हे भाषण मी दोनदा ऐकलं होतं आणि मला पटलंही होतं. ऑल्ट-कंट्रीवाले पुटपुटतात, हे सगळ्या जगाला माहीत आहे.

मी दुसऱ्याच दिवशी स्टेशनवर गेले. सायलेन्सची पेटी तपासली. कॉम्प्युटरवरून टेस्ट टोन सोडला, म्हणजे एकसुरी शिट्टी; पेटीला ती ठणठणीत ऐकू येत होती. वायर हलवून पाहिल्या, निवेदकासमोरच्या कन्सोलची बटणं दाबून पाहिली. काही सापडेना. डेलही आला होता. त्याने एक रेकॉर्ड लावून हेडफोन माझ्या कानांवर चढवले. गाणं वाजत होतं, बाई गात होती. आवाज जरा पसरट वाटला, डोक्याभोवती फिरल्यासारखा. घरी रेकॉर्ड केलेलं आहे, असेल तसं, म्हणून मी सोडून दिलं.

"सुरेख ना? चारही बाजूंनी येतं," डेल म्हणाला. मग त्याने रेकॉर्ड थांबवली आणि हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत बसला.

"उजी, एक विचारू? माझे कान गेलेत का?"

"असं का वाटतं तुला?"

"मला वाटतं गाणं वाजतंय. मशीन म्हणतं वाजत नाही. मशीन खोटं कशाला बोलेल? तू रिपोर्टमध्ये काय ते लिही, पण आधी मला सांग. लिंडाकडून नको ऐकायला. आणि तसं असेल तर काढायच्या आधी मीच सोडीन."

मला फार वाईट वाटलं. बघते, एवढंच म्हणाले. घरी येऊन रिपोर्ट लिहायला बसले आणि "मशीन ठीक आहे" या वाक्यावर अडकले. वाक्य खरं होतं, तरी हात पुढे जाईना.

शनिवार उजाडला. कमिटीची मीटिंग पुढच्या आठवड्यात होती. सासूबाई वसंतापासून नागपूरहून मुक्कामाला आल्या होत्या आणि स्वयंपाकघरात पोळ्या करत होत्या. ओट्यावर एक जुना रेडिओ आहे, एका स्पीकरचा, कणकेच्या बोटांनी बटणं पांढरी झालेला. त्यांना इंग्रजी येत नाही, पण डेलचा शो त्या चुकवत नाहीत; नागपूरला होत्या तेव्हाही मी त्यांना तो फोनवरून ऐकवायचे. त्यांच्या वस्तीत भीमजयंतीच्या मंडपात गायन पार्टी यायची. एक पेटी, एक ढोलक आणि एका माइकपुढे खेटून उभे दोन गाणारे. हे तसंच आहे, पेटी तेवढी नाही, असं त्यांचं मत.

मी चहा घेत बसले होते. त्या तव्यावरची पोळी उलटत म्हणाल्या, "उज्ज्वला, तुमचा डेलभाऊ बोलते तर साफ ऐकू येते. पण गाणं लावलं का त्यातला गाणारा गायब."

"आई, ते लोक पुटपुटतातच. स्टाइल आहे त्यांची."

"पुटपुटलं तरी ऐकू येते नं बाई. इथं माणूसच नाही. आधी यायचा थोडा तरी तुझ्या फोनवर तिकडे नागपूरला."

मी कप ठेवला आणि रेडिओला कान लावला. डेल खणखणीत बोलत होता. पुढचं गाणं कुण्या दोन भावांचं आहे, म्हणाला. गाणं सुरू झालं. लांबवर कुठेतरी फिडल खरवडल्यासारखं वाजत होतं. गिटार नाही, बास नाही आणि दोन भावांपैकी एकही भाऊ नाही.

मी हॉलमध्ये पळाले आणि मोठा स्टिरिओ लावला. दोन्ही भाऊ गात होते. परत स्वयंपाकघरात आले; भाऊ गायब. सासूबाई लाटणं हातात धरून माझ्या येरझाऱ्या बघत राहिल्या.

"काय करून राहिली तू?"

"आई, तुम्ही डेलची नोकरी वाचवली," मी म्हणाले. नोकरी नव्हती ती, पण समजावत बसायला वेळ नव्हता. गाडीची किल्ली उचलली.

झालं होतं ते असं. स्टिरिओत आवाजाच्या दोन वाटा असतात, डावी आणि उजवी. गायकाचा आवाज बहुतेक वेळा दोन्हींत सारखाच असतो, म्हणून तो मधोमध ऐकू येतो. एका स्पीकरचा रेडिओ या दोन्ही वाटांची बेरीज करतो. पण यातली एक वाट वायरीत उलटी जोडली गेली, तर बेरजेऐवजी वजाबाकी होते. एकाच दाराला दोघं जण दोन बाजूंनी सारख्या जोराने ढकलतायत असं समजा. जोर भरपूर लागतो, दार मात्र हलत नाही. दोन्हींत सारखं असलेलं सगळं पुसलं जातं आणि कडेचं फिडल उरतं. जे गाणं एकाच माइकवर रेकॉर्ड केलेलं आहे, त्यात कडेला काही नसतंच. ते अख्खं नाहीसं होतं. आमची सायलेन्सची पेटीही एका कानाची आहे. ती खोटं बोलत नव्हती. डेलचे कानही खोटं बोलत नव्हते.

स्टेशनवर पोचले तेव्हा डेलचा शो संपत आला होता. लिंडाही तिथेच होती, प्रिंटरमधून अडकलेला कागद ओढत होती. शो संपल्यावर दोघांना समोर उभं केलं. तीच भावांची रेकॉर्ड लावली आणि कन्सोलवरचं मोनो हे बटण दाबलं. त्याने दोन्ही वाटा एक होतात. गायक नाहीसे झाले. बटण सोडलं, आले. पुन्हा दाबलं, गेले.

डेल खुर्चीत बसला. "म्हणजे ती तक्रार करणारी माणसं खरं सांगत होती," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते पुसलंही नाही.

कॉम्प्युटरवरचं गाणं ठीक होतं. एक नंबरचा टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड फिरवायची तबकडी, ठीक होता. बिघडला होता दोन नंबरचा, डावीकडचा. स्टेशनवर तो बाकी कुणी वापरत नाही; डेल डावखुरा आहे, म्हणून तो मात्र फक्त तोच वापरतो. मी सुईचं डोकं काढून उलटं धरलं. तिथे केसासारख्या बारीक चार वायर असतात: पांढरी, निळी, लाल, हिरवी. लालच्या जागी हिरवी होती आणि हिरवीच्या जागी लाल.

"ही सुई कुणी बदलली?" मी विचारलं.

खाली टायरवाल्याची गन वाजली आणि थांबली.

"मी," लिंडा म्हणाली. "वसंतातल्या सफाईच्या दिवशी. तू इंडियात गेली होतीस, सासूबाईंना आणायला. मी व्हिडिओ बघून केलं." मग हातातला प्रिंटरचा कागद तिने चुरगळला. "आणि मी त्याच्या वयाबद्दल बोलले."

"माझ्या वयाबद्दल?" डेलने विचारलं.

"हो. सॉरी, डेल. अगदी मनापासून."

डेलने थोडा विचार केला. "वय खरं आहे," तो म्हणाला. "पण वायर लावायला तू माझ्याकडे यायला हवं होतंस. मी जन्मभर बारीक अक्षर वाचलंय."

मी चिमट्याने दोन वायर अदलाबदल केल्या. चहा गाळायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. रिपोर्टमध्ये एकच ओळ लिहिली: टर्नटेबल दोनची वायर उलटी होती, सरळ केली. कुणी उलटी केली ते लिहिलं नाही. मीटिंगमध्ये लिंडाने ते स्वतःच सांगितलं, आणि सॅटेलाइटचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढच्या शनिवारी मी मुद्दाम स्वयंपाकघरातच बसले. डेलने शोच्या सुरुवातीला सांगितलं, "गायक ऐकू येत नाही अशी तक्रार ज्यांनी केली, त्यांना मी कलेवर लेक्चर दिलं. कला नव्हती ती, वायर होती. मला माफ करा. आज तीच गाणी पुन्हा वाजवतो." त्याने दोन भावांची रेकॉर्ड लावली. ओट्यावरच्या रेडिओतून दोघंही एकदम आले, एका माइकपुढे खेटून उभे असल्यासारखे. सासूबाईंनी गॅस बारीक केला.

"आला बाप्पा माणूस," त्या म्हणाल्या आणि पूर्ण गाणं होईपर्यंत पोळी टाकली नाही.

दुपारी डेलचा फोन आला. एका जुन्या तक्रारदार बाईंनी त्याला आपणहून फोन केला होता. माफी मिळाली होती. गायक आता स्वच्छ ऐकू येतो, असंही त्या म्हणाल्या होत्या.

"मग झालं तर," मी म्हणाले.

"पुढचं ऐक. म्हणाल्या, आता नीट ऐकल्यावर कळलं, तो पुटपुटतोच."

तेव्हापासून माझा नियम साधा आहे. गाणं आवडत नाही असं कुणी म्हटलं की आधी मोनोचं बटण दाबून बघते. तरीही आवडलं नाही, तर ते माझं काम नाही.