बशीखालचा कागद

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तेवढ्या बळावर लिहायला बसलो, त्याबद्दल क्षमा असावी.

निपाणीला आक्काबरोबर मुलगी पाहायला गेलो होतो. मला वाचता येणारी बायको हवी होती.

तिचे वडील म्हणाले, "शाळंत न्हाय गेली."

मी हिरमुसलो. पण माझ्या पोह्यांच्या बशीखाली जुनं वर्तमानपत्र होतं, आणि तिची नजर त्यावर ओळीच्या टोकापर्यंत सरकून झटकन मागे येत होती. ती वाचत होती! काय वाचतेय, म्हणून मीही तिकडेच पाहत राहिलो.

बाहेर पडताच आक्काला होकार सांगितला. मुलीचं मन मात्र कळेना.

अखेर मामा निरोप घेऊन आले. "व्हय म्हणाली रं! म्हणती, पोरगं लई उपाशी दिसतंय, सारखं पोह्यांकडंच बघत हुतं."