पळून न जाणारा डोंगर

आखातात राहणाऱ्या माणसाची रजा वडिलोपार्जित जमिनीसारखी असते. सातबाऱ्यावर नाव त्याचं, पण वाटा प्रत्येक नातेवाइकाचा. मी मस्कतला मदिनत सुलतान काबूसमध्ये राहतो, एका कंपनीत इमारतींच्या देखभालीचं काम बघतो आणि वर्षातून एकदा पुण्याला जातो. पुतणीचं लग्न, भाच्याची मुंज, आईचा मोतीबिंदू, सोसायटीचं रिडेव्हलपमेंट, असं काही ना काही माझ्यासाठी राखून ठेवलेलं असतंच. विमानतळावरून घरी पोचायच्या आत थोरला भाऊ गाडीतच मला कामं सांगून टाकतो. दादाचा स्वभावच तसा. माझ्या रजेचा उपयोग माझ्यापेक्षा त्याला जास्त चांगला कळतो अशी त्याची खात्री आहे, आणि घरात कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

आमची मुलगी मस्कतमध्येच वाढली. तिचं मराठी अडखळत चालतं आणि माझं इंग्रजी ऑफिसपुरतं, त्यामुळे घरात आमचं बोलणं ‘जेवलीस का’च्या पुढे फारसं सरकत नसे. पण आमच्या वस्तीमागे बोडके, तपकिरी डोंगर आहेत. थंडीच्या दिवसांत दर शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं त्यांतल्या एखाद्यावर चढायचो, आणि तिथे मात्र ती अखंड बडबडायची. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी, मधेच एखादा अरबी शब्द. पुढे ती शिकायला स्कॉटलंडला गेली आणि फोनवर पुन्हा ‘जेवलीस का’ सुरू झालं.

मग एकदा तिने तिथल्या एका डोंगराची गोष्ट काढली. त्याचं नाव मला अजून धड म्हणता येत नाही, म्हणून लिहीत नाही. गाडीरस्ता त्याच्या आसपासही जात नाही. लहानशा स्टेशनवर उतरायचं, दिवसभर चालायचं, कुलूप नसलेल्या एका दगडी झोपडीत रात्र काढायची, सकाळी पायीच नदी ओलांडायची आणि मग चढ.

“बाबा, हा आपण दोघंच करू या,” ती म्हणाली. “कोर्स संपायच्या आधी. नंतर मी कुठे असेन, माहीत नाही.”

त्या दिवसापासून आमच्या घरचं जेवणाचं टेबल त्या डोंगराच्या नावावर झालं. नकाशा मागवून मी तो टेबलाच्या काचेखाली सरकवला. बायको त्यावर आमटीचं पातेलं ठेवायची आणि मी ते उचलून बाजूला ठेवायचो. फोन लांबू लागले. पाणी किती घ्यायचं याचा हिशोब मी इथल्या उन्हाच्या सवयीने मांडला, तेव्हा ती खो खो हसली. तिथे पाण्यातूनच चालायचं असतं म्हणाली. मला चढाईची तारीख पक्की करून हवी होती. ती म्हणायची, तारीख नाही, आठवडा मोकळा ठेव, आभाळ उघडेल त्या दिवशी निघू. सदा उघड्या आभाळाखाली राहून माणसाला आभाळाची वाट बघायची सवय राहत नाही, ती मी त्या वयात लावून घेत होतो. नदीबद्दल मात्र मीच तिला सांगितलं. वादीला, म्हणजे इथल्या कोरड्या ओढ्याला, पाणी आलं की पलीकडे जायची घाई करायची नाही, काठावर बसून राहायचं. पाणी उतरतं. ती म्हणाली, हे लक्षात ठेवीन.

पावसाळी जाकीट घेतलं, पण मस्कतमध्ये ते तपासून कुठे बघणार? म्हणून ते घालून मी शॉवरखाली उभा राहिलो. बायकोने दार उघडून बघितलं आणि परत लावून घेतलं. नवे बूट नरम व्हावेत म्हणून उजाडायच्या आत मागच्या डोंगरावर चढउतार करायचो. उन्हाळा सुरू झालेला, तासाभरात शर्ट पिळून काढावा लागे. फार वर्षांनी मी इतका खुश होतो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

आमचे ओमानी साहेब इब्री गावचे. रजेचा अर्ज घेऊन गेलो तेव्हा त्यांनी कधी नाही ते कारण विचारलं. डोंगर म्हटल्यावर हसले, आमचे डोंगर संपले का म्हणाले. मुलीबरोबर जायचंय असं सांगितल्यावर लगेच सही केली. आणि त्याच संध्याकाळी मी दादाला फोनवर सांगितलं की यंदा अर्बाब रजा देत नाही. अर्बाब म्हणजे मालक. इथे हा शब्द उच्चारला की पुढे कोणी प्रश्न विचारत नाही. धडधडीत खोटं बोललो. त्याचा मला पश्चात्ताप नाही. खरं सांगून आजवर मला काय मिळालं होतं?

पण चार आठवडेही ते टिकलं नाही. बायको जावेशी फोनवर बोलत होती, मुलांचं कौतुक चाललं होतं, आणि बोलता बोलता ही सांगून बसली की हे मेमध्ये लेकीबरोबर स्कॉटलंडला चाललेत. तिच्या मनात काही नव्हतं. तिच्या मनात कधीच काही नसतं.

तासाभरात दादाचा फोन आला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो दुखावला होता. आईचं सहस्रचंद्रदर्शन घरच्यांनी माझ्या रजेसाठीच पुढे ढकललं होतं. आता मेमध्ये उरकून घेऊ, सगळ्यांना सुट्टी असते, असं त्याने ठरवून टाकलं. आणि शेवटी फोन आईकडे दिला.

“तुला जमेल तसं कर रे,” आई म्हणाली. “पण डोंगर काय पळून जातो का?”

मला राग आला. दादाचा, बायकोचा आणि खरं सांगायचं तर आईचासुद्धा. डोंगर पळून जाणार नव्हता हे मलाही कळत होतं. मुलगी जाणार होती. कोर्स संपल्यावर लगेच तिची नोकरी कॅनडात सुरू होणार होती. पण आईसमोर हे बोलायचं कसं? मी हो म्हणालो. आम्ही हो म्हणायलाच परदेशात येतो.

मुलीला कळवलं तेव्हा ती भांडली नाही. “ओके बाबा, इट्स फाइन,” एवढंच. तो आठवडा तिने मोकळा ठेवलाच होता, वर्गातल्या कोणाबरोबर तरी जाईन म्हणाली. मग तिने मला विचारलं, जेवलास का?

पुण्यात समारंभ दणक्यात झाला. पिठाच्या दिव्यांनी आईला ओवाळलं, नातवंडांनी फोटो काढले. माझ्यावाचून अडलेलं काम म्हणजे हॉलच्या दाराशी उभं राहून येणाऱ्यांना चपला कुठे काढायच्या ते सांगणं. ते मी मन लावून केलं.

जेवणं आटोपत आली तेव्हा मोबाइल वाजला. मुलीचा फोटो होता. भिजलेलं जाकीट, लाल झालेलं नाक, शिखरावरच्या दगडांच्या ढिगाऱ्यावर ठेवलेला हात आणि मागे लांबवर निळं पाणी. खाली इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं: नदीला पाणी होतं. आम्ही बसून राहिलो. तू सांगितलंस तसं.

मी बघतोय तोवर कोणीतरी माझ्या हातून फोन घेतला आणि तो पंगतभर फिरला. सगळ्यांनी वाहवा केली. फिरत फिरत तो आईकडे पोचला. आईने चष्मा लावला, फोटो जवळ धरून बराच वेळ बघितला. नव्या लुगड्यात ती फार छान दिसत होती. मग तिने मला बोलावून घेतलं.

“इतक्या लांब, असल्या रानात पोर एकटी गेली?”

मैत्रिणी होत्या बरोबर, मी म्हटलं.

“मैत्रिणींचं काय घेऊन बसलास? बापाने जायला नको का तिच्याबरोबर?”

दादा शेजारीच उभा होता. तो दक्षिणेची पाकिटं मोजू लागला. आई माझ्याकडे बघत होती, तिला खरंच उत्तर हवं होतं.

“रजा मिळाली नाही,” मी म्हटलं.