चार पावलं, मग डावीकडे

आमच्या सासूबाईंना सगळी गल्ली फौजदार म्हणायची. पाठीमागे, अर्थात. तोंडावर म्हणायची कोणाची छाती? शिंप्याच्या दुकानासाठी त्यांनी चाळीस वर्षं काजं-बटणं केली, आणि एक काज वाकडं जाईल तर शपथ. रोज सकाळी त्या माझ्यापुढे डझनभर सुया टाकायच्या. "ओव. नाहीतरी तुझे हात रिकामेच असतात." मी ओवायचे आणि मनातल्या मनात त्यांचा उद्धार करायचे. डब्यांचंही तसंच. साखरेचा दुसरा, मिठाचा तिसरा. बोटभर इकडचा तिकडे झाला की माझं माहेर निघायचं.

मग लढाई आमच्या गल्लीपर्यंत आली. आम्ही निघालो त्या सकाळी आजूबाजूची तीन-चार घरं पडली. ट्रक कोपऱ्यावर वळताना मी मागे पाहिलं, तर आमच्या स्वयंपाकघराची भिंत खिडकीसकट खाली बसत होती. आमच्या ह्यांनीही पाहिलं. आम्ही दोघं काही बोललो नाही, नंतरही नाही. सासूबाई तेवढ्या नाकासमोर बघत ताठ बसल्या होत्या. मला वाटलं, काय बाई तरी काळीज, मागे वळूनसुद्धा बघत नाही.

आता आम्ही दुसऱ्या शहरातल्या एका शाळेत राहतो. एका वर्गात चार कुटुंबं, मध्ये चादरींचे पडदे, फळ्याशेजारचा कोपरा आमचा. इथे आल्यापासून फौजदारांचं तंत्रच बिघडलं. चहात मीठ घातलं. एकदा शेजारच्या आजोबांच्या खाटेवर जाऊन बसल्या, आजोबा खाटेतच होते. आजोबांची काही तक्रार नव्हती, आजींची होती. डॉक्टर सासूबाईंना तपासायला आले, पेन समोर धरून विचारलं, "आजी, हे काय आहे?" तर म्हणाल्या, "तुमच्या हातातलं तुम्हालाच माहीत नाही का?"

डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेतलं. वयामुळे डोकं चालेनासं झालंय, इथे सांभाळणं जमायचं नाही. अशा म्हाताऱ्यांसाठी वेगळी सोय आहे, दोन दिवसांच्या वाटेवर. शुक्रवारी एक बाई कागद घेऊन येतील, मुलाची सही लागेल. हे मान खाली घालून "बघू" म्हणाले. ह्यांचं "बघू" म्हणजे हो. आणि खरं सांगते, मलाही क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज अजून जात नाही.

बुधवारी सकाळी मी अंथरुणाच्या घड्या करत होते. सासूबाई खाटेवरून उठल्या, चार पावलं चालल्या, डावीकडे वळल्या आणि हात वर करून हवेतच काहीतरी चाचपू लागल्या. घरी त्यांच्या खाटेपासून डब्यांची फळी बरोबर चार पावलांवर होती, डावीकडे. माझ्या हातातली चादर हातातच राहिली. ह्या बाईंचं डोकं अजिबात बिघडलेलं नव्हतं.

मी त्यांना धरून खाली बसवलं. "आई, कधीपासून दिसत नाही?"

त्या म्हणाल्या, "तू सून होऊन आलीस तेव्हा दिसत होतं. तुला बघून घेतलं, तेवढं पुरलं."

"आणि सांगायचं नाही का कोणाला?"

"सांगितलं असतं तर दुकानातून काम आलं असतं? आणि तू मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं असतंस?"

नसतंच दिलं. आठ वर्षं मी त्या सुयांवरून धुसफुसत होते, पण ह्या सुया माझ्याकडूनच का ओवून घेतात, एवढं काही मला कळलं नाही.

दोन दिवस मी तो कोपरा उलथापालथा केला. आजोबांची खाट पलीकडे सरकवली, आजींनी स्वतः हात लावला. बाकावर बाक चढवून फळी केली, खाली स्टोव्ह. पावलं सासूबाईंचीच मोजली, माझी लांब पडतात. चार, मग डावीकडे. शाळाभर हिंडून डबे मागून आणले आणि ओळीनं लावले.

शुक्रवारी त्या बाई आल्या. मी सरळ सांगितलं, "डोकं शाबूत आहे, डोळे गेलेत. बसा आणि बघा." सासूबाई उठल्या, फळीपाशी गेल्या, चहा केला आणि थेंबही न सांडता कप बाईंच्या पुढे धरला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "साखरेचा डबा पुढे आलाय. माहेरी काही शिकवलंच नाही तुला." इतकं बरं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. बाईंनी चहा संपवला आणि कागद तसाच पिशवीत घातला. हे बाहेर जाऊन नाक शिंकरून आले.

बाई गेल्यावरही सासूबाई फळीपाशीच उभ्या होत्या, उजवा गाल जरा पुढे करून. घरी त्या बाजूला खिडकी होती. सकाळचं ऊन तिथून यायचं.

"निघताना स्वयंपाकघराची खिडकी लावली होतीस ना?" त्यांनी विचारलं. "नाहीतर सगळ्या डब्यांवर धूळ बसेल."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे फळ्याकडे बघत होते.

"लावली होती, आई."

"कडी?"

"कडीसुद्धा."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. आठ वर्षांत पहिल्यांदा.